कारखाना गेला, बोटी राहिल्या

लाकडी होडी आपल्या वेळेला मरते. तिला किडा लागतो, फळ्या कुजतात, आणि मालकाची इच्छा असो-नसो, एके दिवशी ती किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागते. फायबरग्लासच्या बोटीला ही सोय नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत इंग्लंडमध्ये साच्यांतून काढलेल्या शिडाच्या बोटी आजही हजारोंनी तरंगत आहेत. त्या बांधणारे बरेच कारखाने मात्र बुडाले. मग सुटा भाग मागायचा कोणाकडे, मूळ नकाशा पाहायचा कुठे, ‘इथं एवढी चीर गेली आहे, चालेल का?’ हे विचारायचं कोणाला? ही जबाबदारी ज्यांच्या अंगावर आली, ते म्हणजे बोटमालकांचे क्लब. हौशी मंडळींचं स्नेहसंमेलन एवढंच यांचं स्वरूप असतं, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं तर हे क्लब मेलेल्या कारखान्याचं दप्तर सांभाळतात.

वेस्टर्लीचं उदाहरण घ्या. डेनिस रेनर हा दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांमागे लागलेल्या जहाजांचा कप्तान. त्या अनुभवावर त्याने ‘द एनिमी बिलो’ ही कादंबरी लिहिली आणि १९५७ साली तिच्यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला. याच गृहस्थाने १९६३मध्ये वेस्टर्ली ही कंपनी काढली. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल, चार माणसं आत झोपू शकतील अशी छोटी बोट विकायची, हा बेत. रेनर १९६७मध्ये गेला, पण कंपनीची सर्वांत गाजलेली बोट त्याच्यानंतर आली. लॉरेंट जाइल्स या नामांकित संस्थेने आरेखन केलेली २६ फुटी ‘सेंटॉर’ १९६९ साली बाजारात आली आणि १९८०पर्यंत तिच्या २,४४४ प्रती निघाल्या. शिडाच्या बोटींच्या धंद्यात हा आकडा प्रचंड आहे.

सेंटॉरची खुबी तिच्या बुडाला. साधारण शिडाच्या बोटीला मधोमध एक कील, म्हणजे बुडाखाली उतरणारं जड पातं, असते. सेंटॉरला दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी कील. इंग्लंडच्या कित्येक खाड्या सुकतीला कोरड्या पडतात. एका कीलची बोट तिथे कुशीवर लवंडते, सेंटॉर मात्र दोन पायांवर चिखलात ताठ उभी राहते. महागड्या मरिनाची गरज नाही, गावच्या खाडीत स्वस्तात बांधून ठेवा. पण याच पायांनी तिचं दुखणंही आणलं. दर सुकतीला सगळं वजन त्या दोन कीलवर येतं, त्या बाहेर फाकू पाहतात, आणि जिथे त्या बोटीला बोल्टांनी आवळलेल्या असतात तिथलं फायबर वर्षानुवर्षं वाकत राहतं. आतून फायबरचे आडवे पट्टे घालून तो भाग बळकट करणं हा त्यावरचा जाणता इलाज. विकत घेणाऱ्याने आधी तेच पाहावं.

दुसरं दुखणं जिवावरचं नाही, पण छळतं फार. केबिनच्या छताला आतून फोम असलेलं व्हिनाइल चिकटवलेलं असे. काही दशकांत त्या फोमचा भुगा होतो, पकड सुटते आणि छत लोंबून झोपलेल्याच्या कपाळाला टेकतं. मालकमंडळींत याला ‘वेस्टर्ली ड्रूप’ असं चक्क नावच पडलं आहे. दुरुस्ती म्हणजे आधी पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी उतरवायच्या, व्हिनाइल सोलायचं, मग चिकट भुगा वायरब्रशने खरवडत बसायचं. तो केसांत, नाकात, चहाच्या कपात, सगळीकडे जातो. पुढे दोन पंथ आहेत. एक पुन्हा व्हिनाइल चिकटवणाऱ्यांचा. त्यांना उन्हात तापणाऱ्या छताला टिकेल असा डिंक शोधावा लागतो. दुसरा पातळ प्लायवुडचे तुकडे मढवून स्क्रूने बसवणाऱ्यांचा. मला दुसरा पंथ शहाणा वाटतो, कारण उद्या दिव्याची वायर गेली तर छत पुन्हा फाडावं लागत नाही.

वेस्टर्ली कंपनी आजारी पडत, सावरत अखेर २०००मध्ये बंद झाली. वेस्टर्ली ओनर्स असोसिएशन चालूच राहिली. अशा क्लबचं खरं भांडवल म्हणजे बोटींच्या क्रमांकांची नोंद, कागदपत्रं आणि कोणी काय करून पाहिलं याची आठवण. साधं खिडकीचं रबर घ्या. एका मालकाला लागतं काही मीटर, आणि रबर ओढणारा कारखाना तेवढ्यासाठी यंत्र चालू करत नाही. क्लबने मागण्या गोळा केल्या तरच ते जमतं. त्यासाठी पैसे आधी गुंतवणारा, माल घरात ठेवणारा आणि पार्सलं बांधणारा कोणीतरी बिनपगारी लागतो. क्लब मोडतात ते बहुधा भांडणाने नव्हे, हा माणूस थकल्याने.

काँटेसा ३२ या बोटीच्या क्लबाचं काम तुलनेने सोपं, कारण तिच्यामागे पुण्याई आहे. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या समुद्री शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. सर्वांत लहान बोटींच्या गटातल्या ५८पैकी एकटी ‘असेंट’ शर्यत पुरी करून आली. ती काँटेसा ३२ होती. अशा बोटीवर मालक हौसेने पैसा ओततो. आपल्याकडच्या वाचकांना अभिलाष टॉमी आठवत असेल. २०२२च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत तो दुसरा आला तो रसलर ३६वर, म्हणजे १९८०च्या आरेखनाच्या फायबरग्लास बोटीवर. १९८८पूर्वीचं आरेखन हवं, हा त्या शर्यतीचा नियमच आहे, आणि या नियमामुळे काही जुन्या बोटींना पुन्हा भाव आला.

सेंटॉरला असं वलय नाही. ती चांगली आणि स्वस्त आहे, आणि गोची तिथेच होते. नवं इंजिन बसवायचं तर बऱ्याचदा त्याचा खर्च बोटीच्या किमतीहून जास्त. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हातारा मालक जातो, मुलांना समुद्राची आवड नसते, आणि बोट यार्डाच्या कोपऱ्यात भाडं थकवत उभी राहते. प्रत्येक बोट वाचवलीच पाहिजे, ही भाबडी समजूत क्लबांनी सोडावी असं मला वाटतं. एक मोडली तर डोलकाठी, विंच, सुकाणू, खिडक्यांच्या चौकटी यांतून दुसऱ्या दोघी-तिघी चालत्या होतात. उरतो तो फायबरचा सांगाडा. तो वितळवून पुन्हा वापरता येत नाही, करवतीने कापून कचऱ्यात टाकावा लागतो. फ्रान्सने यासाठी २०१९पासून रीतसर व्यवस्था उभी केली. नव्या बोटी विकणाऱ्यांकडून वर्गणी घ्यायची आणि तिच्यातून जुन्या मोडायच्या. ब्रिटनमध्ये हा खर्च मालकाच्या माथी पडतो, आणि मालक सापडला नाही तर यार्डवाल्याच्या.