मंडईच्या बोर्डावरची 'आणि पार्टी' म्हणजे कोण? खडी गंमतीत वाजवायचं असेल तर हे माहीत पाहिजे

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे बोर्ड लागायला लागतात. आज या गावाची मंडई, उद्या शेजारच्या गावाची. दुकानं लागतात, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. आणि बोर्डावर एक ओळ बऱ्याचदा दिसते, 'दुय्यम खडी गंमत'. खाली दोन शाहिरांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे दोनच शब्द, 'आणि पार्टी'.

शाहिराचं नाव पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक असतं. पण रात्रभर ढोलकी, डफ, तुणतुणं, टाळ वाजवणारी माणसं या 'आणि पार्टी'मध्येच राहतात. ही माणसं तिथे पोहोचतात कशी? नवीन पोराला त्यात शिरायचं असेल तर काय करावं लागतं? आणि बोर्डावर नाव नसण्याची किंमत म्हातारपणी कशी मोजावी लागू शकते? एकेक करून बघू.

खडी गंमत म्हणजे नेमकं काय?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जो पट्टा होतो त्याला झाडीपट्टी म्हणतात. धानाची शेती, तलाव आणि जंगल ही या भागाची ओळख. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडारा आणि गोंदिया हा एकच जिल्हा होता. त्यामुळे कलाकार, प्रेक्षक आणि मंडईच्या तारखा आजही दोन्हीकडे फिरत असतात.

झाडीपट्टीची नाटकं आता राज्यभर माहीत झाली आहेत. या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तर सोशल मीडियावरही चर्चा झाली. पण नाटकाबरोबरच या भागात दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार आहेत. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर इथल्या लोकरंगभूमीवरही मोठं काम करून ठेवलं आहे.

'खडी' म्हणजे उभी. गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे उभ्यानेच कार्यक्रम करतात. गण होतो, गवळण होते, लावणी होते, मग विनोदी संवादांची गंमत रंगते. परंपरेने यात पुरुषच असायचे आणि बाईची भूमिका नाच्या करायचा. आता महिला कलाकारही मंचावर दिसतात.

'दुय्यम' म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. यामागे कलगी-तुऱ्याची जुनी परंपरा आहे. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची.

पार्टीत कोण काय करतं?

लांबून बघितलं तर सगळे एकदम वाजवतायत असं वाटतं. पण प्रत्येक वाद्याचं काम वेगळं आहे.

तुणतुणं एकच सूर धरून ठेवतं. शाहीर त्याच सुरावर गातो. तार उतरली आणि लक्षात आलं नाही, तर शाहिराचाही आवाज घसरतो.

ढोलकी ताल चालवते आणि नाचणाऱ्याच्या पावलांना जोर देते. तिची शाईची बाजू शाहिराच्या सुराशी जुळवून घ्यावी लागते. त्यामुळे शाहीर बदलला की ढोलकी पुन्हा लावावी लागते.

डफ शाहिरीचा ठसका देतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री दव पडलं की डफाचं कातडं सैल होतं, आवाज बसतो. म्हणून डफ शेकोटीवर तापवतात. चोनक्याची तार ताणून-सैल करून वाजवतात, त्यातून आवाज वरखाली घुमतो.

टाळ किंवा झांज लय धरते. बघायला सगळ्यात सोपं काम, पण लय पळाली की सगळी पार्टी पळते.

आणि झीलकरी. शाहिराने ओळ टाकली की तिचा शेवट उचलून पुन्हा गाणारे. वरवर वाटतं हे फक्त साथीला आहेत. पण दुय्यममध्ये खरी गोष्ट अशी आहे की झीलकरी ओळ घोळवत असतात तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, समोरच्याचा सवाल मनात फिरवतो आणि उत्तर जुळवतो. झील कमी पडली तर शाहिराला विचार करायला वेळच उरत नाही. म्हणून चांगला शाहीर झीलकरी सांभाळून ठेवतो.

मग आत शिरायचं कसं?

इथे फॉर्म नाही, ऑडिशन नाही. लिहिलेलं नोटेशनही नाही. सगळ्यात जवळची शाळा म्हणजे गावातलं भजन मंडळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भातल्या गावागावांत खंजिरी भजन पोहोचलं. आठवड्याच्या भजनाला जाऊन बसायला कुणी नाही म्हणत नाही. टाळ हातात मिळतो, चूक झाली तर शेजारचा डोळ्यानेच सांगतो. मुलींसाठीही हा सोपा रस्ता आहे, कारण महिला भजन मंडळं बऱ्याच गावांत आहेत.

तिथे लय हातात बसली की पुढची पायरी म्हणजे जवळच्या शाहिराकडे तालमीला जाणं. तालमी साधारण दिवाळीच्या आधी सुरू होतात. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ढोलकी मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. आधी टाळ, मग झील, मग तुणतुणं आणि ढोलकी सगळ्यात शेवटी, असाच क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. याला कारण आहे. ढोलकीवाल्याला गाणं कुठे वळणार हे आधी कळावं लागतं, आणि ते झील धरता धरताच कळतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करून घरी सराव करायला हरकत नाही. फक्त आधी शाहिराला विचारावं. सवाल-जवाबाची रचना ही त्याची पुंजी असते. मंडईच्या आधीच ती यूट्यूबवर गेली, तर समोरची पार्टी उत्तर तयार करूनच येईल.

पहिल्या कार्यक्रमात काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट, नजर शाहिरावर ठेवायची, प्रेक्षकांवर नाही. कडवं कधी संपणार, लय कधी वाढणार याचा इशारा हाताने किंवा मानेने होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ताकद वाचवायची. कार्यक्रम तासन् तास चालतो आणि तो उभ्याने करायचा असतो. सुरुवातीच्या गणालाच जोर संपवला तर शेवटी हातही चालत नाही आणि गळाही.

तिसरी गोष्ट, चूक झाली तर थांबायचं नाही. आवाज कमी करायचा, लय कानाने पकडायची आणि पुन्हा आत यायचं.

पैसे मिळतात का?

मिळतात, पण त्यावर घर चालेलच असं नाही. कार्यक्रमाची बिदागी आधी ठरते. त्यातून गाडीभाडं जातं आणि उरलेलं पार्टीत वाटलं जातं. शाहीर, नाच्या आणि ढोलकीवाला यांचा वाटा जास्त, टाळ-झीलवाल्यांचा कमी, अशी पद्धत असते. प्रेक्षकांकडून मंचावर बक्षीस येतं, ते कुणाचं हेही आधीच ठरलेलं बरं. ऐन हंगामात यावरून वाद झाला तर पार्टी फुटते.

हंगामही छोटा असतो आणि तो नेमका धान कापणी-मळणीच्या दिवसांत येतो. दिवसा बांधीत आणि रात्री मंचावर, असं अनेकांचं वेळापत्रक असतं. त्यात कमी पैशांत डीजे येतो आणि कीबोर्ड-ऑक्टोपॅडवर एकच माणूस चार जणांचं काम करतो. याचा पहिला फटका टाळ आणि झीलवाल्यांना बसतो. आणि नवीन पोरं शिकायला सुरुवात करतात ती याच जागेवरून. ती जागा गेली की पुढचा ढोलकीवाला तयार होण्याचा रस्ताच बंद होतो.

आता मुद्दा नावाचा

वयस्क साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून आहे. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना असं आहे. २०२४ पासून पात्र कलावंतांना महिन्याला सरसकट ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. साधारण अटी अशा आहेत: वय ५० पूर्ण, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम. दिव्यांग कलावंतांना वयात सवलत आहे.

यातली तिसरी अट 'आणि पार्टी'वाल्यांना अडवते. पंधरा वर्षं वाजवलं हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण समितीसमोर कागद ठेवावा लागतो. कार्यक्रमांची पत्रकं, बातम्यांची कात्रणं, संस्थांची प्रमाणपत्रं. आणि पत्रकावर नाव असतं फक्त शाहिराचं.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तो पन्नाशीत नाही तर विशीत करायला हवा. मंडई समितीला सांगून पत्रकावर वाजवणाऱ्यांची नावंही छापून घ्यायची. कार्यक्रम झाला की समितीकडून किंवा ग्रामपंचायतीकडून तारीख, गाव आणि वाद्य लिहिलेलं सहीचं पत्र घ्यायचं. पत्रक, पत्र आणि फोटो एका फाईलमध्ये ठेवायचे, मोबाईलमध्येही एक प्रत ठेवायची. योजनेची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करता येते. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, लोककलांचे कार्यक्रम तिथूनही होत असतात. बाहेरच्या कार्यक्रमाची संधी मिळाली तर तिथलं प्रमाणपत्र आठवणीने घ्यावं.

हे काम पार्टीतल्या तरुण पोरांना सहज जमण्यासारखं आहे. ज्यांच्या हाताखाली शिकतो त्या जुन्या ढोलकीवाल्याची, तुणतुणेवाल्याची फाईलही त्यांनीच लावून दिली, तर शिकवण्याची थोडी तरी परतफेड होईल. आणि पुढच्या मंडईच्या बोर्डावर 'आणि पार्टी'च्या खाली पाच-सहा नावं छापायला समितीचा फारसा खर्चही वाढत नाही.