पेंढी सोडून बघा, मग पैसे द्या

आज हप्ता आणि व्याज बाजूला ठेवू. आज आपण कडब्याविषयी बोलणार आहोत. पण बोलता बोलता आपण पुन्हा हप्त्यावरच येऊ, कारण ज्यांनी गटाच्या कर्जातून म्हैस घेतली, त्यांचा हप्ता दुधातून जातो आणि दूध वैरणीतून येतं.

मागे आमच्या गटातल्या पाचजणींनी मिळून एक टेम्पो कडबा घेतला. भाव शेकड्याला इतरांपेक्षा कमी सांगितला, म्हणून आम्हीही खूश. वरच्या पेंढ्या पिवळ्याधमक होत्या. पंधरा दिवसांनी मधल्या पेंढ्या निघाल्या, त्या आतून काळ्या आणि कुबट वासाच्या. एका ताईंच्या म्हशीनं त्या नुसत्या हुंगून सोडल्या. ज्या खाल्ल्या त्यानंतर तिचं पोट बिघडलं, दूध निम्म्यावर आलं आणि त्या महिन्याचा हप्ता राहिला. विकणाऱ्यानं हात वर केले. चूक आमचीही होती. पाचजणी गेलो आणि एकीनंही पेंढी सोडून पाहिली नाही.

तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगतो. गंजीच्या वरची पेंढी बघायचीच नाही. मधली आणि तळाची अशा चार-पाच ओढून काढायला सांगायच्या. मालक कुरकुर करतो, करू द्या. पेंढी सोडायची आणि अगदी मधोमध हात घालायचा. आत गार, दमट किंवा कोमट लागलं तर तो कडबा ओला असताना बांधलाय. धाट मोडून बघा. वाळलेलं धाट कटकन मोडतं, ओलसर असेल तर नुसतं वाकतं. मग पेंढी नाकाजवळ न्या. चांगल्या कडब्याला गोडसर वास असतो. पेंढी झटकल्यावर पांढरी-काळी भुकटी उडाली, खोकला आला, तर तिथूनच माघारी फिरा. ती बुरशी आहे.

रंगावर थोडी हिरवट झाक असलेला पिवळा कडबा चांगला. काळपट पडला असेल तर स्पष्ट विचारायचं, 'काढणीनंतर पाऊस लागला का?' रब्बीची ज्वारी काढून शेतात बुचाडं उभी असतात तेव्हाच कधी कधी अवकाळी येतो. पानं चिकट आणि काळी असतील तर पिकावर मावा पडून चिकटा झालेला असतो. तो जनावरं आवडीनं खात नाहीत.

सगळ्यात जास्त लक्ष पानांकडे द्या. धाटापेक्षा पानात प्रथिनं जास्त आणि ती पचायलाही हलकी. शेळ्या तर पानंच ओरबाडतात आणि जाड धाटं पायाखाली तुडवतात. म्हणजे ज्या पेंढीची पानं झडून गेलीत, तिच्यात आपण नुसती काठी विकत घेतो. शाळूचा, मालदांडीचा कडबा लोक मागून घेतात तो उगाच नाही.

आता भाव. आपल्याकडे शेकड्यावर भाव ठरतो आणि तिथंच फसगत होते, कारण पेंढी कुणाची केवढी, कुणाची केवढी. समजा एकाचा शेकडा 2000 रुपये आणि पेंढी 2 किलोची. दुसऱ्याचा 1700 रुपये आणि पेंढी दीड किलोची. पहिला किलोला 10 रुपये पडतो, दुसरा सव्वा अकराच्याही वर. स्वस्त वाटलेला महाग निघाला की नाही? म्हणून आम्ही ताणकाटा घेऊन जातो आणि 10 पेंढ्या वजन करतो. उपटून काढलेल्या कडब्याच्या बुडख्याला माती असते, ती आधी झटकायची. मातीला पैसे कशाला द्यायचे?

तयार कुट्टी मात्र आम्ही घेत नाही. एकदा यंत्रातून निघाली की काळं-पांढरं सगळं एक होतं. कडबा बघून घ्यावा आणि कुट्टी आपल्या दारात करावी.

बऱ्याचजणी विचारतात, बुरशी लागलेली पेंढी उन्हात टाकली की चालते ना? नाही चालत. उन्हानं ओल जाते, पण काही बुरशींचं विष मागं राहतं. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष जनावराच्या पोटातून दुधातही उतरतं आणि तेच दूध आपल्या पोरांच्या पेल्यात येतं. अशी पेंढी सरळ खताच्या खड्ड्यात टाका, तीही तोंडाला पदर बांधून. गाभण जनावरापुढं तर चुकूनही टाकू नका. वरातीची घोडी पाळणारं घर असेल तर त्यांनी आणखी जपावं, कारण घोड्याला ओकता येत नाही. खराब वैरणीनं पोटशूळ उठला तर जिवावर बेततं.

कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणीच्या वेळी घ्यावा. मे महिन्यात भाव चढतो आणि निवडायलाही फारसं उरत नाही. घरी आणल्यावर तो जमिनीवर रचू नका. खाली दगड आणि त्यावर लाकडं टाका, गंजीचा माथा उतरता ठेवा म्हणजे पाणी निथळतं. आणि दमट कडब्यावर प्लास्टिक गच्च आवळू नका. आतली ओल आतच राहते, गंजी तापते आणि कधी कधी आतूनच पेट घेते. आधी दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, मग झाका.