पिवळी बस आणि आपली लेकरे

रोज सकाळी आपल्या देऊळघाटची लेकरे शिकायला बुलढाण्याला जातात. कोणी एस.टी.ने जाते. कोणी शाळेच्या पिवळ्या बसने जाते. कोणी रिक्षाने, तर कोणी लहान व्हॅनने जाते. पोर गाडीत बसले की आईबाप आपल्या कामाला लागतात. पण गाडीत बसले म्हणजे शाळेत पोचले, असे नव्हे. मध्ये रस्ता आहे. त्या रस्त्यावर लेकरू सुखरूप राहावे म्हणून सरकारने नियम केले आहेत. ते नियम कोणते, ते का केले आणि ते पाळले जातात की नाही हे कोणी पाहायचे, हे आता आपण समजून घेऊ.

हे नियम कसे झाले?

१९९७ सालची गोष्ट. नोव्हेंबर महिना होता. दिल्लीत मुलांनी भरलेली शाळेची बस पुलावरून यमुना नदीत कोसळली. अठ्ठावीस मुले बुडून मेली. सारा देश हळहळला. वकील एम. सी. मेहता यांचा एक खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालू होता. त्या खटल्यात न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी हुकूम काढले. पुढे २०११ साली आपल्या महाराष्ट्र सरकारने स्कूल बससाठी वेगळे नियम केले. म्हणजे या नियमांची किंमत लेकरांच्या प्राणांनी मोजलेली आहे. ते नुसते कागद नव्हेत.

नियम आणि त्यामागचे कारण

बसचा रंग पिवळा असतो. तो शोभेसाठी नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात आणि धुक्यात पिवळा रंग लांबून दिसतो. अमेरिकेत १९३९ साली फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने एक परिषद भरवली. शाळेच्या बसला पिवळा रंग द्यावा असे तिथे ठरले. आता हा रंग आपल्याकडेही आला आहे. पिवळी गाडी दिसली की इतर मोटारवाल्यांनी वेग कमी करायचा.

बसच्या पुढे आणि मागे 'स्कूल बस' असे लिहिलेले असावे. शाळेचे नाव व फोन नंबरही हवा. बस चुकीची चालवताना कोणी पाहिले तर त्याला लगेच कळवता येते.

खिडक्यांना आडव्या सळया हव्यात. पोरे ती पोरेच. हात बाहेर काढतात, डोके बाहेर काढतात. शेजारून ट्रक गेला की घात होतो.

दार नीट बंद होणारे व कडी लागणारे असावे. चालत्या गाडीचे दार उघडे राहिले तर वळणावर पोर बाहेर फेकले जाते.

गाडीत प्रथमोपचाराची पेटी व आग विझवण्याचे यंत्र पाहिजे.

चालकाशिवाय एक मदतनीस पाहिजे. मुली असतील तर बाई मदतनीस हवी. मदतनीस कशाला, असे कोणी विचारील. उंच बसच्या अगदी पुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. पोर उतरते, बसच्या पुढून रस्ता ओलांडते आणि त्याच वेळी बस सुटते. म्हणून मदतनिसाने खाली उतरून लेकराचा हात धरायचा, त्याला रस्त्यापार न्यायचे आणि मगच गाडी सोडायला सांगायचे.

वेगाला बांध घालणारे यंत्र गाडीला बसवावे लागते. न्यायालयाने १९९७ साली ताशी ४० किलोमीटरची मर्यादा सांगितली होती. याचे गणित सोपे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला दुप्पट नव्हे, चौपट जागा लागते. आपल्या जिल्ह्यात राजूर घाटासारखी वळणे आहेत. तिथे चौपट जागा कुठून आणणार?

चालकही जाणता हवा. जड गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव त्याला असावा, असे न्यायालयाचे सांगणे आहे. घाई प्राण घेते. २०१४ सालच्या जुलैत तेलंगणातील मासाईपेट येथे शाळेची बस फाटक नसलेल्या रुळांवर गेली. नांदेडहून सिकंदराबादला जाणारी गाडी तिच्यावर आदळली. पुष्कळ मुले दगावली. क्षणभर थांबून दोन्हीकडे पाहिले असते तर?

नियम पाळले जातात हे पाहायचे कोणी?

पहिले काम शाळेचे. २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात. पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक आणि शिक्षण खात्याचा माणूस तिच्यात असतो. दर तीन महिन्यांनी तरी तिची बैठक व्हावी. गाडीचे कागद, चालकाचा परवाना, थांबे, भाडे हे सारे तिने पाहायचे.

दुसरे काम परिवहन कार्यालयाचे. त्याला लोक आर.टी.ओ. म्हणतात. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे, असा दाखला हे कार्यालय देते. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला हा दाखला दर दोन वर्षांनी घ्यावा लागतो. त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी गाडीची तपासणी झाली की नाही, हे शाळेला विचारावे.

तिसरे काम पोलिसांचे. आणि चौथे काम? ते आपले.

आपण काय करावे?

आता आपल्याला वाचता येते. त्या विद्येचा उपयोग करावा. पोराला गाडीत बसवताना नंबरची पाटी पाहावी. आपल्या जिल्ह्याच्या गाडीवर एम.एच. २८ असते. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी असते. भाडे घेऊन मुले नेण्याचा परवाना तिला नसतो. गाडीत किती माणसांना परवानगी आहे, ते तिच्या कागदावर लिहिलेले असते. तो आकडा वाचावा आणि पोरे मोजावी. रिक्षाच्या दांडीवर पोर लटकत असेल तर त्याला खाली उतरवावे.

कोणी म्हणेल, "जाऊ द्या ना गुरुजी, गाडीवाला आपल्याच गावचा पोरगा हाये. त्याले कसं बोलावं?" आमचे म्हणणे असे, की गावचा आहे म्हणूनच बोलावे. परका ऐकणार नाही, आपला ऐकेल. आधी गोडीने सांगावे. नाही ऐकले तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. अर्जात तारीख, गाडीचा नंबर व काय पाहिले ते स्पष्ट लिहावे. सह्या कराव्या. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

दुसरा म्हणेल, "चांगल्या गाडीचं भाडं परवडत नाही." हे खरे दुखणे आहे. त्याला तोडही आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत खेड्यातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. मुलांना सवलतीचा पास असतो. शाळेत व आगारात चौकशी करावी. एस.टी.ची वेळ जमत नसेल तर ती बदलण्यासाठी गावाने अर्ज करावा. भाड्यात वाचलेले चार पैसे पुन्हा मिळवता येतात. गेलेले लेकरू मिळत नाही.

ध्यानात ठेवा

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पोराने चढू वा उतरू नये.
बसच्या पुढून किंवा मागून धावू नये.
घ्यायला येणारा माणूस कोण, हे मदतनिसाला आधी सांगून ठेवावे.
संकटात ११२ या नंबरवर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. दोन्ही नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि पोरांकडून पाठ करून घ्यावे.