भरवस्तीतल्या लहान बागा

पुण्याच्या कसबा पेठेत लाल महालाला लागून जिजामाता उद्यान आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून पायी निघालेला मनुष्य काही मिनिटांतच तेथे पोहोचतो. आणि तरीही वाडा पाहून, लाल महालात डोकावून, कसबा गणपतीला नमस्कार करून परत फिरणाऱ्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांच्या स्मरणात या बागेचे नाव राहते. मोठ्या बागांचे तसे नाही. सारसबाग, संभाजी उद्यान, बंडगार्डन, एम्प्रेस गार्डन ही नावे आमच्या मावळातल्या मुलांनाही पाठ असतात, कारण शाळेची सहल तेथे जाते आणि सुटीत आलेल्या भाचरांना तेथे नेले जाते. परंतु चौकाच्या कोपऱ्यावर किंवा दोन इमारतींमधल्या सांदीत वसलेल्या, पाच-दहा गुंठ्यांच्या ज्या बागा पालिकेच्या मिळकतींच्या यादीत आहेत, ज्यांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात तरतूद होते, ज्यांच्या फाटकावर कोणा थोर पुरुषाचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले आहे, त्या बागांकडे शेजारच्या गल्लीतला रहिवासीही पुष्कळदा वर्षानुवर्षे फिरकत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या गावाच्या जुन्या वस्तीतून हिंडताना असे एखादे निर्जन फाटक दिसल्यावाचून राहत नाही, आणि दर वेळी मनाला हळहळ वाटते.

हळहळ वाटण्याचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीचे नाही. नगररचनेविषयीच्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूत्रांत शहरातील दर माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे सुचवले आहे. जुन्या पेठांमध्ये, जेथे भिंतीला भिंत लागून घरे उभी आहेत आणि वाडे पाडून त्या जागी बहुमजली इमारती उठत आहेत, तेथे हे प्रमाण गाठणे आता दुरापास्त आहे. तेथे नवी एकरभर भूमी कोठून यावयाची? जे चार कोपरे पूर्वजांच्या दूरदृष्टीने किंवा केवळ दैवयोगाने शिल्लक उरले, तेवढेच तेथील माणसाच्या वाट्याचे आकाश. म्हणून ते ओस पडणे ही मला सार्वजनिक हानी वाटते.

पुणे हे एके काळी बागांचेच शहर होते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले गेले, ठिकठिकाणी हौद बांधले गेले, आणि त्या पाण्याच्या आधारावर सरदारांच्या व कारभाऱ्यांच्या बागा फुलल्या. खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास राममंदिराच्या कामाला आरंभ केला, आणि ते पुढे तुळशीबागवाले म्हणूनच ओळखले जाऊ लागले. त्याच परिसरात नाना फडणिसांचे बेलबागेतले विष्णूचे देऊळ उभे राहिले. पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यातील बेटावर सारसबाग झाली आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळी तेथे गणपतीची स्थापना झाली. या जागांचा इतिहास चाळताना एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. तुळशीबागेत आज तुळशीचे बन नाही, सारसबागेभोवतीचे तळे विसाव्या शतकात बुजवले गेले, तरीही या जागा पावणेतीन शतकांनंतर माणसांनी गजबजलेल्या आहेत. याचे कारण असे की, त्या जागांना पाणी होते, रोज पाऊल वळावे असे देवदर्शनाचे निमित्त होते, आणि व्यवस्थेसाठी कोणाची तरी नेमणूक असे. दिवाबत्तीपासून झाडलोटीपर्यंतच्या कामाचा जमाखर्च कोणत्या तरी दफ्तरात लिहिला जाई. आपण आज ज्या लहान बागा बांधतो, त्यांना कठडा असतो, रंग असतो, उद्घाटनाची कोनशिला असते. परंतु पाणी, निमित्त आणि नेमणूक या तिहींपैकी बहुधा एकही नसते.

देवळावाचूनही हे साधते, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या कोटात आहे. आजचे हॉर्निमन सर्कल म्हणजे पूर्वीचे बॉम्बे ग्रीन, एक धुळीचे, कचऱ्याने भरलेले मैदान. तेथे वर्तुळाकार उद्यान करून भोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती बांधाव्यात, ही कल्पना त्या वेळचे पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी मांडली; गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रियर यांनी तिला पाठबळ दिले; आणि १८७२ मध्ये उद्यान पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. हे उद्यान मोठे नाही. जेमतेम अडीच एकर. परंतु एका बाजूस १८३३ चा टाउन हॉल आणि त्यातील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, दुसरीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल, सभोवार बँका आणि कचेऱ्या, आणि आत जुन्या वृक्षांची घनदाट सावली, अशी त्याची योजना असल्यामुळे दुपारच्या सुटीत डबा घेऊन आलेला कारकून, ग्रंथालयातून डोळे चोळीत बाहेर पडलेला अभ्यासक आणि निरोप पोहोचवून परतणारा शिपाई या सर्वांची वाट त्या बागेवरूनच जाते. बागेसाठी कोणास वाकडी वाट करावी लागत नाही, हेच तिच्या यशाचे रहस्य आहे.

लहान जागांच्या या स्वभावाचा फार चिकाटीने अभ्यास अमेरिकेत विल्यम व्हाइट या गृहस्थांनी केला. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून, कोण कोठे बसतो, किती वेळ बसतो, कोणत्या जागेकडे पाठ फिरवतो, याची त्यांनी नोंद केली आणि १९८० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचा निष्कर्ष ऐकावयास इतका साधा आहे की प्रथम त्याचे महत्त्वच जाणवत नाही: जेथे बसण्याची सोय असते तेथे माणसे बसतात. त्याच्या जोडीला ऊन-सावली, झाड, पाणी, खाण्याची सोय आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्त्याशी असलेला उघडा संबंध. त्याच शहरात १९६७ मध्ये खुले झालेले पॅली पार्क अवघ्या ४,२०० चौरस फुटांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठ्यांहूनही थोडे कमी आहे. मागच्या भिंतीवरून कोसळणारा वीस फुटी धबधबा, काही झाडे आणि हव्या तिकडे सरकवता येणाऱ्या खुर्च्या एवढ्या सामग्रीवर ते जगप्रसिद्ध झाले. उलट तेथलेच ब्रायंट पार्क, कित्येक पटींनी मोठे असूनही, रस्त्यापासून उंचावर आणि दाट कुंपणाआड दडलेले असल्यामुळे अमली पदार्थांच्या विक्रेत्यांचे आश्रयस्थान बनले होते. ती कुंपणे हटवून, वाटा मोकळ्या करून, हलत्या खुर्च्या ठेवून ते १९९२ मध्ये पुन्हा खुले झाले, आणि सामान्य माणसे परतताच उपद्रवी मंडळी आपोआप पांगली.

आपल्याकडे या अनुभवाच्या नेमके विरुद्ध वर्तन घडते. बागेत कोणी दारू पिऊन बसतो अशी तक्रार येते. त्यावर तजवीज म्हणून कठडा उंच केला जातो, दुसरे फाटक कायमचे बंद होते, बाकडी उचलली जातात. त्यामुळे सभ्य माणसे येईनाशी होतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला तो मनुष्य मात्र कठडा ओलांडून रात्री निवांत येतो. वेळेचाही प्रश्न असाच आहे. आपल्या बहुतेक पालिकांच्या बागा सकाळी काही तास आणि सायंकाळी काही तास उघड्या असतात. दुपारी फाटकाला कुलूप असते. उपनगरातील बागेला, जेथे लोक पहाटे फिरावयास आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येतात, हा नियम शोभतो. शहराच्या मध्यभागातली माणसे मात्र दुपारचीच असतात. मंडईत गाडी रिकामी करून टेकण्यास जागा शोधणारा हमाल, लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात सकाळपासून उभी असलेली विक्रेती मुलगी, खेड्यातून औषधासाठी आलेली आणि परतीच्या गाडीला दोन तास अवकाश असलेली म्हातारी, सदाशिव पेठेत कॉट भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आणि अभ्यासिकेच्या कोंदट खोलीतून घटकाभर बाहेर पडू इच्छिणारा मराठवाड्याचा विद्यार्थी, या सर्वांना बागेची निकड ज्या प्रहरी असते त्याच प्रहरी ती बंद असते. हा एक नियम बदलावयास एक पैसाही लागत नाही. केवळ एक हुकूम लागतो.

स्त्रियांच्या संबंधात आणखी एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या बागेत किंवा तिच्या जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह नाही, जेथे दिवा लागत नाही, जेथे आत शिरल्यावर रस्त्यावरून कोणास काही दिसत नाही, तेथे एकटी स्त्री बसणार नाही. आणि जेथे स्त्री बसत नाही ती जागा हळूहळू सर्वांचीच उरत नाही. कोपऱ्यात लोखंडी व्यायामाची यंत्रे उभारून, पेव्हर ब्लॉकची फरशी अंथरून आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासून ही उणीव भरून निघत नाही. सुशोभीकरणाच्या नावाने एकदाच होणारा मोठा खर्च मंजूर करून घेणे सोपे असते, आणि रोज सकाळी फाटक उघडणाऱ्या, नळ दुरुस्त करणाऱ्या, ओळखीच्या म्हाताऱ्याची विचारपूस करणाऱ्या माळ्याचा पगार वर्षानुवर्षे देत राहणे कठीण असते. माझ्या मते तो माळी हाच बागेचा प्राण आहे. ठेकेदाराचा दर काही महिन्यांनी बदलणारा रखवालदार त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याला त्या जागेची आणि त्या जागेला त्याची ओळख होण्यापूर्वीच त्याची बदली झालेली असते.

हे सर्व इंदुरीत बसून लिहिण्याचे प्रयोजन आहे. तळेगाव दाभाड्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे हे गाव. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये ज्यांना सेनापतिपद दिले त्या खंडेराव दाभाड्यांनी १७२०-२१ च्या सुमारास येथे गढी बांधली. तिचा दरवाजा आणि बुरूज अद्याप उभे आहेत आणि आत कडजाई देवीचे देऊळ आहे. एका बाजूस तळेगावची आणि दुसऱ्या बाजूस चाकणची औद्योगिक वसाहत वाढत असताना मधल्या गावांनी खेडे राहणे शक्य नाही. आजचे गावठाण हे उद्याच्या शहराची पेठ होणार. आणि मोकळ्या जागेची भूक किती तीव्र आहे हे पाहण्यास गावापासून लांब जावे लागत नाही. सुटीच्या दिवशी पिंपरी-चिंचवडकडची माणसे कुंडमळ्याला लोटतात. तेथेच १५ जून २०२५ रोजी, रविवारी, नदीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराखाली कोसळला आणि चार जीव गेले. त्या दुर्घटनेची कारणे पुलाच्या अवस्थेत आणि बंदोबस्तात शोधावयाची आहेत, हे खरे. परंतु आठवड्याचा एक दिवस नदी आणि झाडे पाहण्यासाठी माणसांना इतक्या दूर, इतक्या दाटीने का यावे लागते, हा प्रश्नही मनातून जात नाही.

कायद्याने याची थोडी सोय केलेली आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन करताना दहा टक्के क्षेत्र खुले ठेवावे लागते. परंतु मावळात आज जमीन एकराने नव्हे तर गुंठ्याने विकली जाते. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा असूनही शेताचे तुकडे झाले, रेखांकन मंजूर न होताच घरे उठली, आणि अशा वस्तीत खुल्या जागेचा प्रश्नच उपस्थित झाला नाही. जेथे रेखांकन रीतसर झाले, तेथेही मालकाने सोडलेला तुकडा पुष्कळदा ओढ्याच्या कडेचा, विजेच्या तारांखालचा किंवा ज्याच्यावर घर बांधता येत नाही असा असतो. अशी जागा पुढे ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली, तरी तिच्यावरून कोणाची वाट जात नसल्यामुळे ती जन्मतःच उपेक्षित असते.

म्हणून मला असे वाटते की, वाढत्या गावांनी नव्या उद्यानाची मागणी करण्यापूर्वी, वहिवाटीत असलेल्या जागा आधी राखाव्यात. देवळासमोरचे पटांगण, पिंपळाचा पार, चावडीपुढची मोकळीक, शाळेच्या भिंतीलगतचा पट्टा, गढीच्या आतली भूमी, नदीकडे उतरणारी वाट, या प्रत्येक ठिकाणी निमित्त आधीच हजर आहे. तेथे सावली, चार दगडी बाकडी, एक नळ आणि एक दिवा दिला की बाग झाली. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार होत आहेत, आणि कोणता तुकडा कोणाच्या नावे लागतो हे ठरण्याची वेळ हीच आहे. एकदा पत्रिकेवर खाजगी नाव चढले की पारापुढची जागा परत मिळवण्यास कोर्टकचेरीत पिढी खर्ची पडते. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. त्यांपैकी एका सभेपुढे गावातल्या सर्व मोकळ्या जागांची यादी, प्रत्येकीच्या चतुःसीमेसह, वाचली जावी, तिच्यावर हरकती घ्याव्यात, ठराव व्हावा, आणि त्या ठरावातच या जागांसाठी एका कायम माळ्याच्या नेमणुकीची तरतूद करावी.