प्रजासत्ताकाची पंच्याहत्तरी आणि उशिरा आलेले एक वचन

आपल्या देशाला स्वातंत्र्य लाभले १५ ऑगस्ट १९४७ रोजी; परंतु भारतीय प्रजासत्ताक जन्मास आले ते २६ जानेवारी १९५० रोजी. मधल्या काळात कारभार चालला तो १९३५ च्या भारत सरकार कायद्यात फेरबदल करून. गव्हर्नर जनरलचे पद कायम होते आणि ब्रिटिश राजमुकुटाशी असलेले नातेही पुरते तुटलेले नव्हते. ते तुटले संविधानाने.

आपली मुले दररोज म्हणतात त्या उद्देशिकेत मात्र तारीख आहे २६ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेने संविधान स्वीकारले त्या दिवशी; अंमल सुरू झाला दोन महिन्यांनी, कारण १९३० पासून २६ जानेवारी हा दिवस पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळला जात होता. तथापि नागरिकत्वाची आणि निवडणूक आयोगाची कलमे २६ नोव्हेंबरलाच लागू झाली. म्हणजे नागरिक आधी आणि प्रजासत्ताक नंतर, असा हा क्रम आहे. तो तांत्रिक असला तरी मला अर्थपूर्ण वाटतो.

आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी सभेपुढे समारोपाचे भाषण केले. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, हा त्यांचा इशारा सर्वांना परिचित आहे. त्याच भाषणातील दुसरा भाग आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटावा. संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती, असे सांगताना त्यांनी दाखला दिला तो भिक्खू संघाचा. ही पद्धती या देशाने एकदा गमावली. ती पुन्हा गमावणार काय, ही त्यांची चिंता होती.

हा दाखला केवळ अभिमानापोटी दिलेला नव्हता. विनयपिटक उघडून पाहिले तर संघाच्या सभेचे नियम तपशिलाने सापडतात. संघकर्मासाठी किमान चार भिक्खू हवेत; उपसंपदेसाठी मध्यदेशात दहा, सीमाभागात पाच. प्रथम ‘ञत्ति’, म्हणजे प्रस्तावाची सूचना. महत्त्वाच्या विषयात तीच गोष्ट तीनदा विचारायची. जो सहमत असेल त्याने मौन राखावे, नसेल त्याने बोलावे. वाद मिटेनासा झाला तर शलाका, म्हणजे मताच्या काड्या वाटायच्या. हे मतदान गुप्त, कानात सांगून किंवा उघड अशा तीन प्रकारांनी होत असे. गुप्त मतदानासाठी काड्यांचे रंग वेगळे ठेवीत. शलाका गोळा करणारा भिक्खू आसक्ती, द्वेष, मोह आणि भय यांना वश न होणारा असावा, ही अट चुल्लवग्गात आहे. निवडणूक अधिकाऱ्यासाठी याहून नेमकी अट आजही सुचवता येणार नाही.

तेथेच आणखी एक तरतूद आहे. अधम्माच्या बाजूने बहुमत दिसले तर ते मतदान ग्राह्य धरू नये. आजच्या वाचकाला हे खटकेल. परंतु आपल्या संविधानानेही बहुमताला सर्वाधिकार दिलेले नाहीत. मूलभूत अधिकारांचा संकोच करणारा कायदा कलम १३ अन्वये तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. बहुमत किती दूर जाऊ शकते याला मर्यादा असावी, हा विचार दोन्हीकडे आहे.

उद्देशिकेतील ‘बंधुता’ हा शब्द मसुदा समितीने मुद्दाम घातला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर तथागतांच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला आपल्या पुण्याजवळ देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

आता निवासी शाळेशी थेट संबंध असलेल्या कलमाकडे वळू. मूळ कलम ४५ ने राज्यांवर जबाबदारी टाकली होती : दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. हिशेब साधा आहे. मुदत १९६० ला संपली. मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात जाता येत नव्हते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ‘२१अ’ हे कलम आले आणि शिक्षण हा मूलभूत अधिकार झाला. कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. साठ वर्षांत ज्या पिढ्या गेल्या त्यांची मोजदाद कोण करणार?

ही पोकळी काही अंशी भरली ती वसतिगृहांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. जिथे घरात दिवा नाही, अभ्यासाला कोपरा नाही, तिथे केवळ शाळेचा प्रवेश पुरेसा नसतो, हे त्या माणसांनी संविधानापूर्वीच ओळखले होते. आपल्या संस्थेसारख्या शाळा त्याच वाटेवर आहेत.

म्हणून पुढील पंचवीस वर्षांसाठी माझी अपेक्षा फार मोठी नाही, पण नेमकी आहे. ‘२१अ’ कलमाची हमी सहा ते चौदा वर्षांपुरतीच आहे. नववी-दहावीची मुले, विशेषतः मुली, त्या हमीच्या बाहेर राहतात. आणि ऊसतोडीला गेलेल्या वा स्थलांतरित कुटुंबात शिक्षण सुटते ते बहुधा याच वयात. तेव्हा पाचवीत आलेली मुलगी दहावीपर्यंत, आणि जमल्यास त्यापुढेही, वसतिगृहात टिकून राहावी यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील एका तरी कुटुंबाशी संपर्क ठेवावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली की नाही, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ होईल.