बोलिव्हियाच्या वाटेवर (भाग ४) : आधी मुक्कामाची उंची, मग तारखा

मागच्या भागात आपण ऋतू ठरवला. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. रस्ते चालू असतात, आकाश निरभ्र असतं. जून-जुलैत मात्र उयुनीच्या पठारावर रात्री पारा शून्याच्या खाली पंधरा अंशांपर्यंतही उतरतो. आता नकाशा उघडू या. पाहायच्या गावांची यादी करताना प्रत्येक नावापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा आणि रात्री जिथे झोपणार त्या आकड्याखाली रेघ मारा. तीन-चार आठवड्यांचा बेत या रेघ मारलेल्या आकड्यांवरूनच आखावा, असं माझं ठाम मत आहे.

तिकीट शोधायला बसलं की पहिलं नाव सुचतं ते ला पाझचं. तिथला विमानतळ शेजारच्या एल आल्तो शहरात, सुमारे ४,०६० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानातून उतरता तेव्हा तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर असता, आणि मुंबईहून तिथवर येताना शरीराला तयारीला वेळच मिळालेला नसतो.

हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ला पाझमध्ये तो समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी जातो. (पाणीही तिथे ८८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ-कडधान्यं शिजता शिजत नाहीत.) शरीर आधी श्वासाचा वेग वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्तातलं आम्लाचं गणित पुन्हा जुळवतात. या कामाला काही दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे जातात. तुम्ही कितीही तंदुरुस्त असा, रोज सिंहगड चढत असा, हे दिवस वाचत नाहीत.

फसगत होते ती पहिल्या संध्याकाळी. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दुपारी उतरलेला माणूस ‘मला काहीच झालं नाही’ म्हणत चढ-उताराच्या गल्ल्या पालथ्या घालतो, आणि मध्यरात्री डोकं धरून बसतो. तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ आला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो. गरम कपात पाच-सहा हिरवी पानं तरंगत असतात, चव साधारण गवती. जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर मुक्कामाचे दिवस कमी करू नका.

डॉक्टर साधारण नियम सांगतात तो असा : ३,००० मीटरनंतर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. बोलिव्हियात बसच्या रस्त्यांनी हा नियम तंतोतंत पाळणं अवघड आहे, म्हणून सुरुवात खालून करायची. विमानाने सांता क्रूझला उतरा, जेमतेम ४०० मीटर. तिथून सामायपाता, साधारण कळसूबाईइतकं उंच. डोंगरावर कोरलेला प्रचंड खडक पाहण्यासारखा आहे. मग सुक्रे, सुमारे २,८०० मीटर. इथे हात आखडता घेऊ नका. चार-पाच रात्री द्या. देशाची घटनात्मक राजधानी हीच, आणि १८२५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली ती इथल्याच ‘कासा दे ला लिबेर्ताद’मध्ये. पांढऱ्या भिंतींचं हे गाव पायी फिरण्याजोगं आहे, आणि त्या फिरण्यात शरीराची तयारी आपोआप होत जाते.

पुढचं पोतोसी ४,००० मीटरच्या वर आहे. १५४५ मध्ये तिथल्या सेर्रो रिको डोंगरात चांदी सापडली आणि स्पेनचं साम्राज्य तिच्यावर पोसलं गेलं. टांकसाळीचं संग्रहालय चुकवू नका. खाणीच्या आत नेणाऱ्या सहली मात्र मी सुचवणार नाही : धूळ, उष्मा, अरुंद बोगदे, त्यात विरळ हवा, आणि तिथे माणसं आजही जीव धोक्यात घालून राबतात, ते पाहायला तिकीट काढणं मला पटत नाही. पोतोसीहून उयुनीला आलात की झोपण्याची उंची पुन्हा ३,७०० पर्यंत उतरते.

उयुनीच्या मिठागराची तीन दिवसांची जीप-सफर ठरवताना एकच प्रश्न आग्रहाने विचारा : दुसरी रात्र किती मीटरवर? बऱ्याच सफरींत ती ४,००० च्या वर असते आणि पहाटे ‘सोल दे मान्याना’ची वाफाळती कुंडं पाहायला ४,८०० च्याही वर नेतात. त्याआधी आठवडाभर उंचीवर काढलेला असला पाहिजे.

ला पाझ आणि तितिकाका सरोवर (३,८१२ मीटर) शेवटी ठेवा. ला पाझमध्येही दक्षिणेकडचा सोना सुर भाग मध्यवस्तीपेक्षा तीनशेक मीटर खाली आहे. झोप लागत नसेल तर खोली तिथे घ्या. शहरात फिरायला २०१४ पासून केबल कार आहे. दर आठवड्यामागे एक दिवस मोकळा ठेवा, कारण आंदोलनं सुरू झाली की महामार्ग अडवले जातात आणि बस जागच्या जागी थांबते.

दोन गोष्टी परतीच्या. कोकाची पानं, चहाच्या पुड्यासुद्धा, भारतात आणणं गुन्हा आहे. एकही पाकीट बॅगेत राहू देऊ नका. आणि बोलिव्हिया पीतज्वराच्या देशांत मोडतो, त्यामुळे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विमानाचं तिकीट काढण्याआधी लसीची तारीख मिळवा.