जुन्या संगणकाची नाडीपरीक्षा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, घरातला संगणक मंद झाला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, फॉरमॅट मारा. दोन, नवा घ्या. आज मी तिसरा सल्ला देणार आहे. संगणक नेमका कुठे अडतो आहे ते आधी पाहा आणि तेवढेच दुरुस्त करा.

हा विषय आताच काढण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार थांबवला. 'विंडोज ११' तर बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालतच नाही. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या संगणकांवर लोक लिनक्स घालू लागले आहेत. ते फुकट मिळते, त्यात मराठी टंकलेखनाची सोय आहे आणि रोजची कामे त्यावर होतात. पण बसवल्यावर अनेकजण मला विचारतात, "लिनक्स हलके असते म्हणे, मग आमचे का रांगते?"

बुलढाण्यात ओळखीपाळखीतून असे संगणक माझ्याकडे येत असतात. बहुतेक घरांत तो एकच असतो. त्यावरच मुलीचा सीईटीचा अर्ज, धाकट्याचा अभ्यास आणि वडिलांचे बाजारभाव पाहणे चालते. पान उघडायला पाच मिनिटे लागली आणि तेवढ्यात अर्जाची वेळ संपली, तर पुन्हा पहिल्यापासून भरा. कपाशीचे पैसे अजून हातात यायचे असताना नवा संगणक घ्या म्हणणे सोपे नाही.

तर नाडी कशी पाहायची? संगणक रांगू लागला की लगेच 'सिस्टिम मॉनिटर' उघडा. हा कार्यक्रम बहुतेक लिनक्समध्ये आधीपासून असतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि स्वॅप यांचे आकडे दिसतात. त्याच वेळी कॅबिनेटवरच्या हार्ड डिस्कच्या दिव्याकडे लक्ष द्या. मेमरी भरलेली, स्वॅप वाढतो आहे आणि दिवा सारखा पेटतो आहे, तर दोष मेमरीच्या टंचाईचा. मेमरी मोकळी पण दिवा विझतच नाही, तर दोष डिस्कचा. आणि प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर एखादा कार्यक्रम त्याला राबवतो आहे किंवा तो तापला आहे.

हे स्वॅप म्हणजे काय? स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की काही भांडी माळ्यावर ठेवावी लागतात आणि लागली की शिडी लावून उतरवावी लागतात. स्वयंपाक थांबत नाही, पण सारा वेळ शिडीवर जातो. स्वॅप म्हणजे ही शिडी.

या शिडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लिनसतोर्वाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले. त्या वेळी जर्मनीतल्या एका वापरकर्त्याच्या संगणकात अवघी २ मेगाबाइट मेमरी होती आणि तेवढ्यात त्याचे काम होईना. तोर्वाल्ड्सने नाताळच्या सुट्टीत बसून डिस्कचा मेमरीसारखा वापर करण्याची सोय लिहून काढली. म्हणजे ही सोय मुळात गरीब संगणकासाठीच झाली. ती अडल्या वेळेला उपयोगी पडते, पण दिवसभर तिच्यावरच संसार चालवला की संगणक मंद होणारच.

इथे एक गैरसमज दूर करतो. लिनक्स मोकळी मेमरी रिकामी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथेच ठेवते, म्हणजे पुन्हा लागल्या तर माळ्यावर जायला नको. गरज पडताच ती जागा मोकळी करते. म्हणून 'मोकळी' मेमरी कमी दिसली तरी घाबरू नका. 'उपलब्ध' किती आहे तो आकडा पाहा.

मेमरी खरोखरच कमी असेल तर पहिला उपाय बिनपैशाचा आहे. लिनक्समध्ये पडद्यावर दिसणारी मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, बदलता येते. नोम किंवा केडीई या मांडण्या देखण्या आहेत, पण २ किंवा ४ गिगाबाइटच्या संगणकाला, विशेषतः नोम, जड पडते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्या मांडण्या आहेत. सॉफ्टवेअर केंद्रातून एक्सएफसीई घ्या, लॉगआउट करा आणि पासवर्डच्या पडद्यावरच्या यादीतून ती निवडा. जुनी मांडणी जागच्या जागी राहते. नवी आवडली नाही तर परत जाता येते.

दुसरा खादाड म्हणजे ब्राउझर. आजचे एकेक संकेतस्थळ जुन्या काळच्या अख्ख्या कार्यक्रमाएवढी मेमरी घेते. फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्हींत कोणते पान किती मेमरी खाते हे दाखवणारा टास्क मॅनेजर असतो. अर्ज भरताना बाकीची पाने बंद ठेवा. व्हिडिओ अडखळत असेल तर त्याचा दर्जा ४८० वर आणा. नव्या पद्धतीचे व्हिडिओ उलगडण्याची सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसते, मग तो सगळा भार प्रोसेसरवर येतो.

तिसरे, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे कार्यक्रम. 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये त्यांची यादी असते. प्रिंटर नसेल तर त्याचा कार्यक्रम कशाला हवा? पण ज्याचे काम माहीत नाही त्याला हात लावू नका.

चौथे नाव झेडरॅम. यात मेमरीतलाच थोडा भाग घेऊन, स्वॅपला जाणारा मजकूर दाबून तिथेच ठेवतात. माळ्यावर जाण्याऐवजी भांड्यात भांडे घालून ओट्यावरच रचायचे. प्रोसेसरला थोडे जास्त काम पडते, पण डिस्कची वाट पाहण्यापेक्षा ते परवडते. फेडोरा या लिनक्सने २०२० पासून ही सोय मुळातच चालू ठेवली आहे. इतरांत ती बसवता येते.

आता डिस्क. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरचा काटा इकडून तिकडे सरकतो. विखुरलेल्या फाइली वाचताना सेकंदाला साधारण शंभरच फेऱ्या होतात. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, ती त्याच वेळात हजारो वेळा वाचते. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर दोष मेमरीचा की डिस्कचा हे ठरवून करा. डिस्कचा असेल तर एसएसडीइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. मेमरी वाढवताना डीडीआर ३ आणि डीडीआर ४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेवढे दुकानात तपासून घ्या. नाही तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायचे. जुनी डिस्क खडखड वाजत असेल तर वेगाचा विचार नंतर करा, आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या.

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. घाटावर बुलढाण्याला हवा बरी असते, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या भागात उन्हाळा कसा तापतो ते सांगायला नको. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. त्यात पंख्याच्या जाळीत धूळ आणि सरकीचे तंतू अडकलेले. मग सकाळी बरा चालणारा संगणक दुपारी रांगू लागतो. अशा वेळी वायर काढून, कॅबिनेट उघडून, मऊ ब्रशने जाळी साफ करा. संगणक भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढे ओढा.

एवढे करूनही जुना संगणक सगळे करील असे मी म्हणणार नाही. व्हिडिओ संपादन त्याच्याकडून होणार नाही. फार जुना, ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर नवी लिनक्स मिळणेही अवघड झाले आहे. डेबियनने २०२५ च्या आवृत्तीपासून त्यावर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. पण अर्ज, पत्रव्यवहार, अभ्यास आणि बँकेचे काम यासाठी ४ गिगाबाइट मेमरी आणि एक एसएसडी पुष्कळ होते.

क्रम मात्र पाळा. आधी पाहणी, मग साफसफाई, मग हलका डेस्कटॉप आणि सर्वांत शेवटी खर्च. एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस वापरून पाहा, म्हणजे गुण कशाने आला ते तुम्हाला कळेल आणि शेजाऱ्यालाही सांगता येईल.